चार दहाची बस

"बसा हो, घाई कसली?"

कोर्टात आपल्या खोलीत येईल त्याला आत्या असं म्हणायची. मग तो वकील असो, रडणारी सासू असो, की चुकून शिरलेला टायपिस्ट असो. एकदा बसला की तिच्या बोलण्यातून सुटका नाही. घरी मात्र तिचे दिवसाकाठी दहा शब्द व्हायचे. आतोबा म्हणायचे, "सगळं बोलणं ही कोर्टात संपवून येते. माझ्या वाट्याला नुसतं 'हूं'."

आत्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होती. भांडून आलेल्या नवराबायकोशी वेगवेगळं बोलायचं, घरात कुणाच्या जिवाला धोका आहे का ते पारखायचं आणि न्यायाधीशांना लिहून द्यायचं, हे तिचं काम. खोली एवढीशी. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात चाक निघालेला खेळण्यातला ट्रक. आत्याची खुर्ची दाराजवळ, समोरच्याची खिडकीपाशी. माणूस तापट असला की दार सताड उघडं.

एका दुपारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला मी गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. तेवढ्यात आतून एक बाई मुलीला कडेवर घेऊन निघाली आणि शिपाईमामांबरोबर मागच्या जिन्यानं उतरून गेली. मग आत्यानं तिच्या नवऱ्याला पुढच्या दालनातून बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, गोड हसू, बगलेत मुलीसाठी आणलेल्या बुटांचा खोका.

शिपाईमामा परत येऊन माझ्या कानाशी लागले. "मागच्या तारखेनंतर यानं तिला बसस्टॉपवर गाठून गळा धरला होता. आज ती दूर चाललीय, बस चार दहाला. तोवर हा इथून हलता कामा नये."

साडेतीन वाजले होते. त्याला अडवून ठेवायचा हुकूम आत्याकडे नव्हता. होती ती जीभ.

"बुटाचा नंबर किती हो?"

"आठ."

"इवलासा पाय! नाहीतर माझा बघा, कुरूप झालंय. तेही जुन्या चपलांनी, आता बोला!"

कुरुपावरून ती चांभारावर गेली, चांभारावरून त्याच्या जावयावर. पेन उमटेना. चहा आला, तो फार गरम. मग तिनं त्याच्या आजोबांचं पूर्ण नाव विचारलं.

"आजोबांचा काय संबंध?"

"रकाना आहे हो, मी तरी काय करू?"

"असला रकानाच नाही," शिपाईमामा तोंडावर रुमाल धरून पुटपुटले.

चारला दहा कमी असताना तो उठला. "बाई, तुमचं कुरूप तुम्हीच सांभाळा. माझी बायको खाली थांबली असेल."

मी बाकावरून अर्धवट उठलो. आत्या जागची हलली नाही. "जा ना. फक्त तुमची बाजू कोरी राहील. तिची दोन पानं झालीत."

त्याचं पाऊल दारातच थबकलं. "दोन? माझी चार लिहा!"

तो बसला आणि धरण फुटावं तसा बोलत सुटला. आपण किती सोसलं. तिच्या ऑफिसात रोज चार फोन कसे करतो, दुकानात तिला किती वेळ लागला ते कसं बघतो. "प्रेम असल्याशिवाय कोण एवढं लक्ष ठेवतं, बाई? गळ्याला हात लावला तो एकदाच, तोही नुसता घाबरवायला."

आत्या आता एक अक्षर बोलत नव्हती. मघाशी बंद पडलेलं पेन मात्र सुरेख चालत होतं. चार दहा झाले, चार वीस झाले, तरी तो बोलतच होता. शेवटी प्रत्येक पानाखाली त्यानं झोकात सही केली.

तो धडधडत जिना उतरला. आत्यानं शेवटच्या पानाखाली दोन ओळी लिहिल्या: बाईचा पत्ता गुप्त ठेवावा, मुलीची भेट कोर्टातच व्हावी. कागद न्यायाधीशांकडे पाठवले आणि मला म्हणाली, "डॉक्टर उद्या. तू अर्ध्या तासानं नीघ. तू माझा कोण ते त्याला कळायला नको."

ती पुढच्या पायऱ्यांनी एकटी उतरली. रस्त्यापलीकडे तो खोका घेऊन उभा होता. त्याच्याकडे मान न वळवता, पर्स खांद्यावर नीट करत, ती आपल्या चालीनं निघाली. तो तिच्याकडे बघत होता, शिपाईमामा पायरीवरून त्याच्याकडे, आणि मी वरच्या खिडकीतून तिच्याकडे, ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत.