मशीन हायस का मानूस?

अमरावतीतल्या एका लहानशा ऑफिसात मी वेबसाइटचं काम करत असे. साइट पीकसल्ल्याची होती. शेतीचे दिवस वाईट होते, आणि तरी आमच्या साइटकडे कुणी फिरकत नव्हतं. एकदा साहेब म्हणाले, "लोकायले वाचाचं नसते, बोलाचं असते. चॅट टाक."

आठवडाभर खपून मी पानाच्या कोपऱ्यात चॅटची खिडकी बसवली. ती उघडली की आपोआप उमटे, 'नमस्कार! आपणांस कोणते साहाय्य हवे आहे?' उत्तरं द्यायलाही मीच बसले.

पहिला निरोप शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा बागायतदार बाईंचा आला. "तू मशीन हायस का मानूस?"

"माणूस आहे, ताई," मी लिहिलं.

"मशीन बी असंच म्हनन. सकायी काय खाल्लं?"

"पोहे."

"तर्री घेतली का?"

"घेतली. आता पोट जळून राहिलं."

उत्तर आलं, "हां, मानूसच हाय. ताक पी. आता माहं आयक. झाडाची पानं पिवयी पडून राहिली."

मी शेजारच्या टेबलावरच्या कृषी सल्लागारांना ओढून आणलं. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारायला लावले, तेव्हा कळलं की बाईंच्या झाडांच्या बुडाशी पाणी साचत होतं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले: चर काढा, पाणी बुंध्यापासून लांब द्या.

काही आठवड्यांनी बाईंनी कळवलं, "नवी पालवी फुटली."

मी उभी राहून तो निरोप सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला. कधी नव्हे ते साहेबांनी स्वतः चहा सांगितला.