परसों आलेली नाव

टँकबंडवरून जाणाऱ्या बसमध्ये बाबल मिस्त्री कधी तळ्याच्या बाजूला बसले नाहीत. दम्यासाठी आम्हा दोघांचा डॉक्टर एकच, सिकंदराबादला. सकाळी चिक्कडपल्लीहून निघालो की डावीकडे हुसेनसागर आणि वारा, उजवीकडे डोळ्यांत घुसणारं ऊन. मिस्त्री उन्हात बसायचे. मी एकदा म्हटलं, "इकडे जागा रिकामी आहे." म्हणाले, "असू दे वैनी. मला ऊन चालतं." चालत नव्हतं. उतरेपर्यंत टक्कल लाल व्हायचं.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. गल्लीतली निम्मी दारं त्यांच्या हातची. मूळचे मालवणकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या नावा बांधायचं काम. पण इथे कुणी त्यांना नाव बांधताना पाहिलं नाही. दारं, खिडक्या, पाट, देव्हारे, बस. स्वभाव गोड नव्हता. बाजारातून तयार कपाट आणलेल्या माणसाला तोंडावर सांगायचे, "भुसा विकत घेतलास. आता पाणी लावू नको, लापशी होईल."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आधी सुकू दे." जोड दिलेल्या लाकडाला कुणी बोट लावलं की हे ओरडायचे. हळूहळू ते सगळ्यालाच लावायला लागले. माझी सून पुण्याची, कंप्युटरच्या नोकरीतली. आमचं एकदा चांगलंच वाजलं आणि ती वेगळं घर बघायला निघाली. मी तिला उत्तर द्यायला जिना चढत होते. मिस्त्री माझ्या स्वयंपाकघराचं दार तासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "वैनी, आधी सुकू दे. मग हात लावा." मी परत फिरले. चार दिवस बोलले नाही. सून अजून वरच्या मजल्यावरच आहे.

हे वाक्य आलं कुठून, ते माझे यजमान गेले तेव्हा कळलं. दहाव्या दिवशी सगळे उठून गेले, मिस्त्री बसून राहिले. म्हणाले, "तुमच्या घरातला माणूस देवानं नेला. माझ्या हातानं एक गेलाय."

तिशीत ते हैदराबादला आले ते तळ्यावरच्या शिडाच्या नावा दुरुस्त करायला. एक नाव आली, तळाला डावीकडे फुटलेली. शर्यत तोंडावर होती. त्यांनी पंजाएवढं ठिगळ मारलं, फटीत सुती दोरा आणि राळ भरली. राळ सुकायला आणखी दिवस हवा होता. वरचे लोक थांबेनात, आणि मिस्त्रींनी नाव दिली. दोन दिवसांनी वादळी वारा सुटला आणि एक नाव बुडाली. दोघं होते, एक पोहत आला, दुसऱ्याचं प्रेतच आलं. नाव काही वर आली नाही. चौकीदारानं खोलीवर येऊन सांगितलं आणि मिस्त्री मागच्या दारानं निघाले. हत्यारं तिथेच राहिली. पुन्हा नावेला हात लावला नाही.

मी विचारलं, "कुणी पकडायला आलं?"

"नाही."

"मग?"

"मग काय? मला माहीत आहे ना." आणि उठून गेले. मी समजूत घातली नाही. मला ते जमत नाही.

ती नाव बुडाल्याला चाळीसच्या वर वर्षं झाल्यावर एका उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं. गाळ काढताना काठापासून थोड्याच अंतरावर, गुडघाभर पाण्यात, एक शिडाची नाव लागली. डोलकाठी मोडलेली, लाकूड काळंठिक्कर. कुणाची, कधीची, कुणालाच सांगता येईना. नंबर नाही, पाटी नाही. सुनेनं फोनवर फोटो दाखवला. मी तसाच फोन नेऊन मिस्त्रींच्या हातात दिला. खूप वेळ पाहिला. मग म्हणाले, "वैनी, माझ्याबरोबर याल?"

त्या दिवशी बसमध्ये आम्ही दोघंही उन्हात बसलो.

तिथे कुणी आत जाऊ नये म्हणून दोरी बांधून ठेवली होती. गाळ काढायच्या मशीनवर बसलेला पस्तिशीचा माणूस अडवायला लागला, पण ऐंशीच्या म्हाताऱ्याला धोतर खोचून पाण्यात उतरताना पाहून बाजूला झाला. मिस्त्रींनी पुढच्या टोकापासून दोन हात मोजले आणि डावीकडे तळाखाली हात घातला. मी काठावर उभी होते. ठिगळ लागलं, तर माणूस मारल्याचं पक्कं होणार होतं. चाचपून चाचपून ते ताठ झाले.

"ठिगळ नाही. फळी अखंड आहे. उजवीकडे खडकावर फुटल्यासारखी आहे."

"मग सुटलात."

"कसला सुटलो? ही दुसरी कुठली तरी. माझी अजून खालीच आहे."

मशीनवाला म्हणाला, "क्या ढूंड रै चच्चा? परसों डूबी सो नाव है ये."

मिस्त्री भडकले. "परसों? लाकडाचा रंग बघ. परवा बुडालेलं लाकूड असं दिसतं?"

"हौ, परसों बोले तो परसोंच ना चच्चा. मैं पैदा बी नै हुआ था, तब की बात."

मला हसू आलं. इथे परसों म्हणजे कालच्या आधीचं काहीही. आमच्या शेजारणीचं लग्न परसों झालं, तिला नातवंडं आहेत. मी वळून पाहिलं तर मिस्त्री पाण्यात तसेच उभे. त्या माणसाला म्हणाले, "फिर से बोलो." तो पुन्हा बोलला.

"वैनी, चौकीदारानं मला असंच सांगितलं होतं. मिस्त्री, परसों आई सो नाव डूब गई. मी दुरुस्त केली ती परवाच पाण्यात परत आली होती."

"अहो, तळ्यावर त्या वेळी आणखी कुठल्या नावा आल्या होत्या?"

ते आठवायला लागले. "आदल्या वर्षी ट्रकमधून नव्या दोन आल्या होत्या." मग खाली वाकून फळीवरचा गाळ अंगठ्यानं पुसला. "सगळे कारखान्यातले स्क्रू. हिला माझा हातच लागलेला नाही." उभे राहत म्हणाले, "तळ्यात बुडून वर न आलेली नाव तर एकच होती."

"मग ही तीच, आदल्या वर्षी आलेली. दुसरी कुठून येणार? चौकीदाराचं परसों हेच."

बाहेर येऊन ते दगडावर बसले. मी विचारलं, "इतकी वर्षं इथे राहिलात, परसों कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं होतं. सहा महिन्यांत कळलं. पण त्या दिवसाला लावून बघितलं नाही. तिकडे हातच लावला नाही मी." मग एकदम हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, मला पंप काढून द्यावा लागला. मशीनवाल्याला वाटलं म्हातारा गेला.

मी शपथेवर सांगणार नाही. ती नाव कुणाची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. कोर्टात हे टिकणार नाही. पण मिस्त्रींना पुरलं, मलाही पुरलं.

बाराच्या आतल्या परतीच्या बसमध्ये ते आधी चढले आणि तळ्याच्या बाजूची खिडकी धरून बसले. मला उन्हाकडची जागा उरली. मी तसं म्हटल्यावर बोलले, "चाळीस वर्षं मी खाल्लं, आज तुम्ही खा."

पुढे त्यांनी गल्लीतल्या पोरांना लाकडाची शिडाची नाव करून दिली, हातभर लांबीची. राळ लावून आठ दिवस माझ्या गच्चीवर वाळत ठेवली. रोज ओरडायचे, "आधी सुकू दे." ती अजून तरंगते.

मिस्त्री झोपेत गेले. अडकणारं दार तासायला कुणीतरी हवं म्हणून माणसं अजून त्यांना शोधत येतात, तशी परवा एक बाई आली. "मिस्त्री कब गुजरे, अम्मा?"

मी म्हटलं, "परसों."

तीन वर्षं झाली.