टीव्हीवरची सुरंगी

एकाच कळीचे मी पंधरा-वीस फोटो काढले, लॅपटॉपने ते इमानेइतबारे एकात एक मिसळले, आणि निघालेला फोटो पहिल्यासारखाच! पुढची कड स्पष्ट, मागे धुकं. कॅमेरा ऑटोफोकसवर राहिला होता. मी फोकस मागे ढकलायचो, तो पुन्हा त्याच कडेवर येऊन बसायचा. माझ्याच घरातला म्हटल्यावर ऐकणार कसा?

फार जवळून फोटो काढला की फुलाचा एवढासा पापुद्रा तेवढा स्पष्ट येतो. म्हणून फोकस थोडा थोडा मागे नेत पुष्कळ फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग जुळवून अख्खं फूल करायचं. फोकस स्टॅकिंग म्हणतात याला. ही उठाठेव आईसाठी. तिच्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. परसातल्या सुरंगीच्या कळ्या उमलायच्या आत खुडून वळेसर ओवणारी ही बाई यंदा नुसत्या वासावर बसून होती. मला वाटलं, टीव्हीएवढं मोठं, टोकापासून टोकापर्यंत लख्ख फूल केलं तर तिला दिसेल.

उजेड आईच्या खाटेशेजारच्या खिडकीत बरा. तिथेच टेबल मांडलं, पेल्यात फांदी ठेवली, पंखा बंद केला.

"फूल हललेलं चालत नाही," बायको पदराने वारा घेत म्हणाली, "आणि आम्ही उकडून मेलेलो चालतो?"

निम्मे फोटो होईतो कळीच उमलली. जुळवलेल्या चित्रात पुढून कळी, आतून फूल, असलं काहीतरी निघालं. मी सांगितलं तशी आई खुदकन हसली.

"अरे मेल्या, ऊन चढल्यावर सुरंगी तुझ्यासाठी थांबेल होय?"

मग उमललेलंच फूल घेतलं. दोन दिवस खपलो, पण साधलं. पाकळ्या, आतला पिवळा झुबका, मागचा देठ, सगळं लख्ख. आईला टीव्हीसमोर बसवलं, लॅपटॉपची वायर हातात घेतली आणि म्हटलं, "हं, बघ आता."

"अगो बाई! काय सुंदर रे! तंतू न् तंतू दिसतोय."

वायर अजून माझ्या हातात होती. टीव्हीवर नुसता निळा पडदा.

मी वायर खोचली. फूल आलं. आई त्याच कौतुकाने, त्याच जागी बघत राहिली. "पुण्याच्या नातीला पाठव हो," म्हणाली. मी "पाठवतो" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेलो.

बायको चहा गाळत होती. माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली, "संक्रांतीपासूनच काही दिसत नाहीये त्यांना. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. कळलं तर सोडून देईल सगळं, आता निदान दिवसभर माझ्या खाटेशी बसून खुडबूड करतो, म्हणाल्या."