तिच्या खांद्यावरचा दुसरा अंक

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी ह्यांना पेज भरवत होते. “मावशी, आई गेली,” एवढंच तो म्हणाला. सकाळी दूध तापवता तापवता सुमन खाली बसली, ती उठलीच नाही. मी फोन ठेवला, उरलेली पेज भरवली, ह्यांचं तोंड पुसलं आणि मग ह्यांच्याजवळ शेजारणीला बसवून सुमनच्या घरी गेले. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाचं सहा वर्षं करता करता रडण्याआधी हातातलं काम उरकायची सवय लागते...

सुमन आमच्या हट्टा गावची नर्सबाई, मी तिथल्याच शाळेतली बाई. निवृत्तही मागेपुढेच झालो. ट्रेनिंगला ती औरंगाबादला होती, तेव्हा वसतिगृहाची मागची खिडकी नाट्यगृहाच्या भिंतीवर उघडायची. तिथे उभं राहून तिने एका संगीत नाटकाची सगळी पदं ऐकली होती. आत जायची परवानगी कधी मिळाली नाही. पदं पाठ, गोष्ट मात्र ठाऊक नाही. पुढे गावोगावी लस टोचताना रडणाऱ्या लेकरांपुढे ती हीच पदं गुणगुणायची.

दोन वर्षांपूर्वी ते नाटक औरंगाबादला पुन्हा रंगमंचावर आलं आणि सुमन माझ्या दारात उभी राहिली. “तिकिटं काढली. तू, मी आन् आपली शिवणकामवाली कौसर. रविवारी दुपारचा खेळ हाय.”

“ह्यांना कोण पाहील?”

“प्रकाश बसंल. नर्सचं पोरगं हाय ते, समदं येतं त्याला.”

“मला न्हाई जमायचं, सुमन.”

“काहून? चार वर्षांत वसमतच्या पुढं गेली न्हाईस तू.”

रविवारी उजाडता उजाडता जीपने निघालो. जालना येईपर्यंत मी प्रकाशला पाच वेळा फोन केला. शेवटी सुमनने फोन माझ्या हातातून काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. “आता वाजला तर मी उचलते,” म्हणाली. पहिल्या अंकात ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती, प्रत्येक पदाबरोबर ओठ हलत होते. मध्यंतरानंतर पुन्हा अंधार झाला. गार हवा, मऊ खुर्ची, आणि मला हाक मारणारं कुणी नाही... जाग आली तेव्हा दिवे लागले होते, लोक बाहेर पडत होते आणि माझं डोकं सुमनच्या खांद्यावर होतं.

“उठवलं काहून न्हाई मला?” मला फार ओशाळल्यासारखं झालं.

“नाटकच होतं ते. सांगते की तुला,” ती खांदा चोळत म्हणाली. परतीच्या वाटेवर तिने सगळा दुसरा अंक सांगितला, मधली पदं म्हणून दाखवली. “गानी तर पाठच होती,” ती म्हणाली, “पन कोन कोनासाठी म्हनतंय, ते आज कळलं.”

सुमनच्या जलदानविधीच्या दिवशी कौसर माझ्याजवळ येऊन बसली. “तुला म्हाईत न्हाई,” ती हळूच म्हणाली. “नाटकाच्या शेवटी समदे गाणारे पुढं आले, लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. सुमनला पुढच्यांच्या पाठीबिगर काहीच दिसंना. मी म्हणलं, उठ की. तर म्हणली, राहू दे. लई दिसांनी झोपली हाय ती.” ते नाटक शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहायची वाट सुमनने जवळजवळ चाळीस वर्षं पाहिली होती...

त्या सहलीनंतर दर गुरुवारी दोन वाजता ती आमच्याकडे यायला लागली. ह्यांच्या खाटेशी खुर्ची ओढायची, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मला म्हणायची, “जा, पड जरा.” आठवड्यातला तेवढा एक तास माझा होता. दोन वर्षांत तिचे फार तर चार गुरुवार चुकले असतील.

परवा गुरुवारी दोन वाजता मी दार उघडून उभी राहिले, मग आत येऊन तिच्या खुर्चीवर बसले. पेपर उघडला, पण वाचवेना. ह्यांना फार बोलता येत नाही, एकेक शब्द ओढून आणावा लागतो. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत होते.

“पड... तू,” ते म्हणाले. “मी... हाय जागा.”

मी आत जाऊन पडले. झोप लागली नाही. पण तास भरेपर्यंत उठलेही नाही, आणि तोवर त्यांनी हाक मारली नाही.