वाचून मगच सही

“सही ते भाऊनी तशीच शे,” पप्पांच्या मंडळातले आबा सोफ्यावर शेजारी बसलेल्या सचिव काकांना अहिराणीत हळूच म्हणाले. “बठ्ठं बरं व्हई जाई.” भाऊ म्हणजे माझे पप्पा; सगळं बरं होईल, असं आबांचं म्हणणं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबले होते. पप्पांनी नुकतीच एका जुन्या वहीत सही केली होती आणि मम्मी ती वही दोघांपुढे धरून उभी होती. कोणी भेटायला आलं की ती हे करायचीच, पाहुण्यांसमोर लहान मुलाला कविता म्हणायला लावतात तसं. पप्पांना झटका येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. हातपाय वाचले होते. बोलणं अडखळत, पण होतं. गेलं होतं ते वाचणं. डॉक्टर म्हणाले होते, यांना अक्षरं दिसतील पण लागणार नाहीत. लिहितील, पण स्वतःचं लिहिलेलंही वाचता येणार नाही. घरात हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. “बाहेर नको,” दवाखान्यातून येताना गाडीत पप्पा म्हणाले होते. तेवढंच.

पप्पा आता नाहीत. त्यांच्या शोकसभेत पुष्कळ लोक बोलले. जळगावच्या एमआयडीसीत चटयांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलेला माणूस जनरल मॅनेजर कसा झाला, समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून त्याने धुळ्यात मुलींसाठी अभ्यासिका कशी उभी केली, सगळं सांगून झालं. मी बोलले नाही. मला जे बोलायचं होतं ते मी त्या दुपारी बोलून बसले होते.

कारखान्यात पप्पांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. समोर आलेला कुठलाही कागद, अगदी गेटपाससुद्धा, ते आधी मोठ्याने वाचायचे आणि मगच सही करायचे. “साहेबांची सही म्हणजे तोंडी परीक्षा,” असं कामगार म्हणायचे. रजेच्या अर्जातलं ‘सासूबाई वारल्या’ वाचून पप्पा मान वर करायचे. “मागच्या दिवाळीतपण वारल्या होत्या ना?” रजा मात्र द्यायचे.

आजोबा धुळ्याच्या एका गिरणीत होते. रजेचा अर्ज समजून त्यांनी एका कागदावर अंगठा लावला, तो राजीनामा निघाला. पप्पा तेव्हा सहावीत होते. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही पंक्चर काढायला थांबलो असताना, इकडेतिकडे बघत. पण रविवारी सकाळी ते मराठी पेपर माझ्या हातात द्यायचे. मी इंग्रजी शाळेतली, जोडाक्षर आलं की अडायचे. ते वाट बघायचे. “घाई नको. कागद कुठे पळत नाही.”

मग आम्ही धुळ्याला जायचो. पारोळ्याला चहा ठरलेला. अभ्यासिकेच्या तळमजल्यावर कारखान्यातल्या नापास चटया अंथरलेल्या असत, कुठे मोराची मान तुटलेली, कुठे रंग सरकलेला. त्यांवर बसून मुली पोलीस भरतीचा, नर्सिंगचा अभ्यास करायच्या. एक खोली, त्यात सहा माणसं आणि टीव्ही, अशा घरांतल्या त्या मुली. पप्पा आत जाताना चपला हातात घ्यायचे आणि भिंतीच्या कडेने चालायचे, आवाज नको म्हणून. कारखान्यात ज्यांच्यापुढे सगळे उभे राहायचे, ते तिथे चोरासारखे चालायचे. मला ते बघायला फार आवडायचं.

झटक्यानंतरही ते सकाळी पेपर उघडून बसायचे. पानं अगदी वेळेवर उलटायचे. एकदा मी मुद्दाम परवाचा पेपर ठेवला. तोही तसाच वाचून झाला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाही. “मी वाचून दाखवू?” असं दोनतीनदा विचारलं. ते “नको” म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले. मम्मी म्हणायची, “सही चालू आहे तोवर ते साहेब आहेत. पुढचं पुढे बघू.” गप्प राहणं मला कधीच जड गेलेलं नाही.

त्या दुपारी सचिव काकांनी फाइलमधून एक कागद काढला.

“भाऊ, छोटासा ठराव आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, अध्यक्षांची तेवढी राहिली.”

पप्पांनी कागद पूर्वीसारखाच दोन्ही हातांनी धरला. वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ धरला. ओठ जरासे हलवले.

“आज मोठ्याने नाही वाचलं?” सचिव काका हसले.

“डोळ्यांनी वाचलं,” पप्पा म्हणाले.

त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

कप ठेवायला वाकले तेव्हा कागद टीपॉयवर होता. मी वाचायला लागले. जोडाक्षरांवर अडले, मागे गेले, पुन्हा वाचलं. अभ्यासिकेचा तळमजला मंगल कार्यालयासाठी भाड्याने द्यायचा होता. मुलींची बसण्याची व्यवस्था पुढील सोय होईपर्यंत बंद.

“काका, हे... अभ्यासिकेचं आहे?”

“तू इंग्लिशवाली ना गं,” काका म्हणाले. “ही असली मराठी आमच्याही डोक्यावरून जाते. भाऊंनी वाचलंय ना, झालं तर मग. आम्हाला पाचची बस आहे.”

आबा हसले. मम्मीने माझ्याकडे बघून डोळ्यांनीच ‘नाही’ म्हटलं.

पप्पांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. जोडाक्षरावर अडले की मी त्यांच्याकडे बघायचे, तसंच. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं होतं. मला ‘वाच’ म्हणून, एवढ्या एका शब्दाने, ते थांबू शकले असते, पण तो शब्द त्यांना चारचौघांत उच्चारायचा नव्हता. आणि मी कागद मोठ्याने वाचला असता, तर काका ‘भाऊंनी वाचलाय’ म्हणाले असते, आणि पप्पांनी वाचूनही सही करायला घेतली असा अर्थ झाला असता; मग सही करायची, नाही तर खोटं कबूल करायचं, एवढंच त्यांच्या हाती उरलं असतं. मुलींची जागा राहणार की पप्पांचा मान, यातलं एकच वाचणार होतं, आणि ते मला ठरवायचं होतं. माझ्या हातात रिकामा ट्रे होता. मी जे बोलणार ते पप्पाही ऐकणार होते. तेच सगळ्यात वाईट होतं.

पेन टेकलं. नावाचं पहिलं अक्षर उमटलं, नेहमीसारखं ठाम, सुंदर. मी कागदावर हात ठेवला. शाई माझ्या बोटांना लागली.

“काका, पप्पांना वाचता येत नाही,” मी म्हणाले. “झटका आल्यापासून. आम्ही सगळ्यांना खोटं सांगितलं.”