खुर्चीखालचे खड्डे

भोरच्या घरी कॉम्प्युटर आल्यावर मी शर्यतीच्या खेळासाठी हलणारी खुर्ची बनवली. खाली टेम्पोच्या वायपरच्या दोन मोटारी होत्या. पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की खुर्ची आदळायची. दणका पुरेसा वाटेना, म्हणून चिडून मोटारींचे दांडेच लांब केले.

पहिला मान वडिलांना दिला. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वेल्ह्याच्या रस्त्यानं त्यांची कंबर कामातून गेलेली. एवढीही अक्कल मला नव्हती! पहिल्याच खड्ड्याला त्यांनी दात आवळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी मोटारी बंद केल्या.

"लई झाक जमलंय," ते म्हणाले. "आमच्या गाडीवानीच."

मग भिंतीला धरत आत गेले, ड्युटीवर असताना सीटवर घालायचे ती गोधडी आणली आणि घडी करून खुर्चीवर ठेवली.

"ही घेऊन बस. तुला लागंल."