सुटे फर्मे

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन तुकडे कुठल्या सरकारी नकाशात दाखवलेले नाहीत, पण इथल्या कोणालाही विचारा, तो सांगेल: एक घाटावरचा, एक घाटाखालचा. बोली वेगळी, पाणी वेगळं, सोयरिकी जुळवतानाही आधी हेच विचारतात. मला हा फरक बोटांनी कळतो. घाटाखाली, नांदुरा-मलकापूर-शेगावकडे, उन्हाळ्यात पुठ्ठा पापडासारखा वाकडा होतो आणि खळ वाटीतच वाळते. घाटावर, चिखली-मेहकरकडे, पावसाळ्यात कपाटं ओल धरतात आणि पुस्तकाला कसर लागते. मी पुस्तकं बांधणारा माणूस. सगळी उमर या जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांची फाटकी पुस्तकं शिवण्यात गेली.

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमची फेरी सुरू व्हायची. आमची म्हणजे माझी आणि बायकोची. एस.टी.च्या टपावर पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, पिशवीत दाभण, टोच्या, दोऱ्याची रिळं, आणि मैद्याच्या खळीला कीड लागू नये म्हणून मोरचुदाची पुडी. तालुक्याच्या वाचनालयात बरं असायचं. पंखा असायचा, माठ असायचा, वर्तमानपत्रं वाचणाऱ्या म्हाताऱ्यांची ठरलेली बाकं असायची. खेड्यातलं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली, नाहीतर सोसायटीच्या गोदामावरचा माळा. चावी ज्याच्याकडे तो हमखास वावरात. मग आम्ही पायरीवर बसून भाकर खायचो आणि येणारा-जाणारा विचारायचा, "भांडे कल्हई करून देता का हो?" शिकंजा पाहून लोकांना काय वाटेल याचा नेम नव्हता.

पुस्तक उघडलं की ते कोणत्या घरात फिरून आलं ते कळायचं. कौटुंबिक कादंबऱ्यांच्या कडेला हळदीची बोटं. भुताखेताच्या आणि खुनाच्या पुस्तकांत तंबाखूची भुकटी. शेगावकडच्या पोथ्यांत अंगारा. एकदा एका पुस्तकात चपातीचा वाळलेला तुकडा निघाला होता, वाचणाऱ्याने खूण म्हणून ठेवला असावा. मला राग यायचा. बायको म्हणायची, "रागावता कशाला? जेवताना सुद्धा सोडवलं नाही त्याला."

ती घाटावरची, देऊळगाव राजाकडची. मी घाटाखालचा, वडनेर भोलजीचा. मी 'मले' म्हटलं की ती हसायची आणि ती 'का'ऐवजी 'कामून' म्हणाली की मी हसायचो. तिच्या माहेरी पोरीबाळींनी वाचनालयात जायची पद्धत नव्हती. लग्न झालं आणि वाचनालयंच तिच्या मांडीवर येऊन पडली.

मांडीवर म्हणजे खरोखर मांडीवर. बांधणीसाठी आलेलं पुस्तक मी आधी खोलायचो. जुना पुठ्ठा काढायचा, सडलेला दोरा कापायचा, की पुस्तकाचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे छापलेल्या कागदाची एक घडी, सोळा पानांची. फाटक्या पानांना ट्रेसिंग कागदाच्या पट्ट्या चिकटवायचं काम तिचं. पट्टी वाळेपर्यंत ती तो फर्मा वाचायची. कोणता हाताला लागेल तो. कधी मधला, कधी शेवटचा, मग पहिला. नायिकेचं बाळंतपण आधी वाचायची आणि लग्न नंतर. वाचून व्हायच्या आत मी हातातून ओढून घ्यायचो, कारण दुपारपर्यंत गठ्ठा शिकंज्यात गेला पाहिजे. ती म्हणायची, "पुढचं काय झालं ते तरी बघू द्या." मी म्हणायचो, "पुढचं शिवून झालं."

मी स्वतः काही वाचायचो नाही. दहावी झालेला माणूस, वाचता सगळं येतं, पण बांधणाऱ्याचे डोळे फक्त पानांच्या आकड्यांवर फिरतात. सोळानंतर सतरा आला की जीव शांत. आणि बांधणी मात्र अशी करायचो की पुस्तक पोराने भिंतीवर फेकलं तरी सुटू नये. जाड पुठ्ठा, बाजूने घट्ट शिवण, वर रेक्झिन. बायको म्हणायची, "तुमचं पुस्तक वाचायला दोन माणसं लागतात. एकानं उघडं धरायचं, दुसऱ्यानं वाचायचं." मला ती तारीफ वाटायची.

मग हळूहळू पुस्तकं फाटेनाशी झाली. लोकांना वाटतं ही चांगली गोष्ट. पुस्तक फाटत नाही म्हणजे ते कोणी घरी नेत नाही, इतकाच त्याचा अर्थ. कपाटं नवीकोरी दिसायला लागली आणि मला फोन येईनासे झाले. वाचनालयं बंद पडली असं मात्र नाही. उलट आता ती सकाळपासून भरलेली असतात. अभ्यासिका केल्यात. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी फळ्या लावलेल्या टेबलांवर मान खाली घालून बसतात, स्वतःची पुस्तकं स्वतः आणतात, कपाटांकडे पाठ असते. त्यांना मी बोलणार नाही. पोट कोणाला सुटलंय? पण एका खेड्यात कपाटापुढे टेबलं इतकी खेटून लावली होती की कपाटाचं दार उघडायला जागाच नव्हती. ते पाहून आलो त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शेवटी मी नांदुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल मारायच्या कामावर लागलो. त्या कामात दोरा नाही, खळ नाही. भोकं पाडायची आणि तार फिरवायची.

त्याच सुमाराला बायकोचं पोट दुखायला लागलं. अकोल्याला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. काही महिने येणं-जाणं केलं, मग तीच म्हणाली, आता घरी राहू द्या.

घरी खाटेवर पडून एक दिवस ती म्हणाली, "ती दोन बहिणींची कादंबरी आठवते का तुम्हाला? घाटावर बांधली होती आपण." मला रेक्झिन आठवलं, हिरवं होतं. तिला गोष्ट आठवत होती. दोन सख्ख्या बहिणी, एका शब्दावरून बोलणं तुटलेलं, एकमेकींच्या घरासमोरून जातात पण मान वर करत नाहीत. तिला मधले दोन फर्मे वाचायला मिळाले होते आणि तेवढ्यात मी ओढून घेतलं होतं. "त्या शेवटी बोलतात का नाही, एवढं मला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून वाचायचंय. जन्मभर उलटंसुलटं वाचलं. हे एक तरी सरळ वाचू द्या."

पोरगी पुण्याला असते. तिने फोनवर सांगितलं, आई, हल्ली पुस्तकं मोबाईलवर ऐकता येतात, आणि एक लावूनही दिलं. बायकोने थोडं ऐकलं आणि म्हणाली, "हा माणूस लई शुद्ध बोलतो. थांब म्हटलं तरी थांबत नाही." मी दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून घाट चढलो.

ते वाचनालय बाजाराच्या मागच्या बोळात आहे. तिथल्या ग्रंथपाल बाई मला ओळखत होत्या; त्यांना बायकोचं दुखणं आणि त्या दोन बहिणींची गोष्ट सांगितली. पुस्तक लगेच सापडलं, मी बांधलं तसंच, घट्ट. मी सभासद नव्हतो, बाईंनी ते स्वतःच्या नावावर घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मी घरी आणलं, बायकोच्या हातात ठेवलं, आणि तिच्या हातून ते खाली पडलं. छातीवर ठेवलं तर दम लागायचा. उशाला टेकवून उघडलं तर माझी शिवण ते परत मिटवून घ्यायची. मी दोन्ही हातांनी फाकवून धरून उभा राहिलो, तर तिला वाचायच्या ओळी माझ्याच अंगठ्यांखाली जायच्या. इतकी वर्षं ज्याचा तोरा मिरवला त्या बांधणीचा मला त्या दिवशी मनापासून तिटकारा आला.

मी बाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, पुस्तक खोलावं लागन."

"खोलावं म्हणजे? फाडणार का?"

"फाडत नाही. सुटं करतो. तिले एकेक फर्मा हातात धरता येईन. मंग पुन्हा बांधून आणून देतो."

बाई म्हणाल्या, "तुम्हीच बांधलंय. तुम्हीच खोला."

मी अंगणात बसून स्वतःची शिवण कापली. माझा दोरा कुठेही सडलेला नव्हता, पातं दोनदा निसटलं. फर्मे मोकळे झाले तेव्हा मी पहिला तिच्या हातात दिला. एवढंसं वजन, एखाद्या पत्रिकेसारखं. तिने तो डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. वाचताना तिचे ओठ हलायचे, ते मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा मी दोरा ओवत असायचो.

दुपारी गोळी लागू पडली की तेवढा वेळ ती वाचायची. एक फर्मा झाला की मला द्यायची आणि दुसरा मागायची. काही दिवस बरे गेले. मग फर्माही जड व्हायला लागला, आणि ती म्हणाली, तुम्ही वाचा. मी वाचायला लागलो. माझं वाचन म्हणजे खडीच्या रस्त्यावरची बैलगाडी. ती डोळे मिटून पडल्या पडल्या सांगायची, "थांबा. तिथं वाक्य संपलं असंल. श्वास घ्या." कधी म्हणायची, "धाकटीचं बोलणं असं रागानं नका वाचू. ती रागात नाही, तिला रडू येतंय." मला कुठून कळणार? मी परत वाचायचो. तशी ती मान हलवायची. हे लिहायचं धाडस मला त्याच दुपारांनी दिलं असावं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि ते सगळं दुसऱ्याच दोन बायकांविषयी होतं.

तिला आता जास्त वेळ जागं राहता येत नव्हतं. एका दुपारी अर्धं पान होत नाही तोच ती झोपली. मी हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. थोडेच राहिले होते, पण दिवसही थोडेच होते, ते मला दिसत होतं. ती जागी झाल्यावर मी म्हटलं, "शेवटचा आधी वाचून दाखवू का? मंग मधले वाचू. तुले कळून तर जाईन."

तिने माझ्याकडे बघितलं. "नको. मधलं सोडून शेवट कळला तर तो शेवट कशाचा?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "होईल हो. घाई नका करू."

घाई मला होती. तिला नव्हती. त्यानंतर दोन दुपारी आम्ही वाचलं. तिसऱ्या दिवशी मी पान काढून बसलो, आणि तिने हाताने नको अशी खूण केली. माझा हात मात्र तिने धरून ठेवला, त्या हातात फर्मा होता, म्हणून तोही तसाच राहिला. संध्याकाळच्या आत ती गेली.

पोरगी आली, माणसं आली, दिवस झाले, माणसं परत गेली. घर रिकामं झाल्यावर मी पुस्तक बांधायला काढलं. दिलेला शब्द होता. खळ शिजवली, फर्मे ओळीने लावले. शेवटचे लावताना माझी नजर पानांच्या आकड्यांवरच ठेवली, त्यांच्या वर जाऊ दिली नाही. अक्षरं आता मला ओळखीची झाली होती, ती आपसूक डोळ्यांत शिरायची, म्हणून मी मध्येच डोळे मिटून नुसत्या बोटांनी शिवलं. रडू आलं तेव्हा पुस्तक बाजूला सरकवलं, कागदावर पाणी पडलं की डाग जात नाही.

घाट चढून वाचनालयात गेलो. अभ्यासिकेतली पोरं माना खाली घालून बसली होती. बाईंनी पुस्तकाची पाठ दाबून पाहिली, मग मला खुर्ची दिली.

"त्यांचं झालं का वाचून?"

"थोडंसं राह्यलं."

ती गेल्याचं बाईंना आधीच कळलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "बोलतात का त्या बहिणी शेवटी?"

"मले नाही माहीत, बाई. आम्ही तिथवर पोचलो नाही."

"मग न्या की परत. वाचा आणि मला पण सांगा. याला दुसरं कोणी मागत नाही इथं."

मी नाही म्हणून मान हलवली. बाई म्हणाल्या, "का हो? दोन-तीन दुपारचं तर काम."

"मी पुढं वाचलं," मी म्हटलं, "तर ती मांगं राहीन."

बाईंनी पुस्तक उचललं आणि कपाटात ठेवायला गेल्या.